सोंगटी आणि सोंग

आमच्या पिंपळगाव राजाच्या नावातच राजा आहे. आणि आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, जिथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. तेव्हा दर वर्षी जानेवारी महिना लागला की आमच्याकडच्या शाळांतून शिवचरित्रातले प्रसंग बसवले जातात, हे ओघानेच आले. एका वर्षी अशाच एका तालमीला मी सहज जाऊन बसलो होतो. गुरुजींनी विचारले, "कोण काय होणार?" तीस-बत्तीस हात एकदम वर गेले. "गुरुजी, मले महाराज करा!" "नाई गुरुजी, मले!" मुलींचा आग्रह जिजाबाईंसाठी. अखेर एक महाराज, एक जिजाबाई, एक अफजलखान ठरला. उरलेली पोरे मावळे झाली. मावळ्यांना काम एकच, मागे रांगेत उभे राहायचे आणि वेळेवर जयजयकार करायचा. तालीम संपल्यावर त्यांतल्या एका मुलाला मी विचारले, "तू कोण रे बाबा?" तो म्हणाला, "मी कोनीच नाई जी. मावळा हाव."

श्रोतेहो, मी इतिहास शिकवतो. त्या मुलाचे उत्तर माझ्या मनातून जाईना. मावळा म्हणजे कोणीच नाही, असे त्याला कोणी शिकवले? आम्हीच शिकवले. गोष्ट सांगताना आम्ही वीरापासून सुरुवात करतो, नाटक बसवताना वीरापासून सुरुवात करतो, आणि मग उरलेल्यांना उभे राहायला जागा देतो. म्हणून आज एक प्रश्न आपणांपुढे ठेवतो. जेव्हा माणूस खेळात किंवा नाटकात दुसरा कोणी होतो, तेव्हा त्याने सुरुवात कोणापासून करावी? वीरापासून, की साध्या माणसापासून? प्रश्न पोरखेळाचा वाटेल, पण त्याला फार जुना इतिहास आहे.

आपल्या भाषेत सोंगटी असा एक शब्द आहे आणि सोंग असा दुसरा. व्युत्पत्ती पंडितांनी ठरवावी. कानाला मात्र दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात. सोंगटी पटावर फिरते, सोंग अंगावर चढते. दोन्हींत माणूस स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो. तेव्हा आधी सोंगटीचे पाहू, मग सोंगाचे.

पटावरचा आपल्या ओळखीचा राजेशाही खेळ म्हणजे बुद्धिबळ. तिथे राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट आहेत. पण नीट पाहा. राजा डाव मांडतानाच राजा असतो आणि डाव संपेपर्यंत राजाच राहतो. त्याला मिळवायचे काही नसते, फक्त जीव वाचवायचा असतो. हत्ती हत्तीच राहतो, उंट उंटच. साऱ्या पटावर एकटे प्यादेच असे, की ज्याला चरित्र आहे. ते एकेक घर पुढे सरकते, मागे वळू शकत नाही, वाटेत बहुतेक वेळा मारले जाते. आणि क्वचित् एखादे शेवटच्या घरात पोचले म्हणजे त्याचा वजीर होतो. पोचलेल्या प्याद्याचा आनंद खेळणाऱ्याला जितका होतो, तितका आयत्या मिळालेल्या वजिराचा कधी होत नाही. कारण त्या प्याद्याची सारी वाट आपण डोळ्यांनी पाहिलेली असते.

याहून सरळ उदाहरण मोक्षपटाचे. आज ज्याला आपली मुले सापशिडी म्हणतात, त्याचे हे जुने रूप. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. कापडावर घरे रंगवलेली, काही घरांत सद्गुणांच्या शिड्या, काही घरांत दुर्गुणांचे साप. कवड्या टाकायच्या आणि जे दान पडेल तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची. शेवटी मोक्ष किंवा वैकुंठ. या पटाची खरी गंमत शेवटापेक्षा सुरुवातीत आहे. खेळणारा देशमुख असो की देशमुखाचा सालदार असो, सोंगटी सर्वांची तळाच्या घरातूनच निघते. पटावर कोणी आधीच संत म्हणून बसत नाही. चढणे-उतरणे जे होईल ते खेळता खेळता होते. इंग्रजी अमदानीत हा खेळ विलायतेस गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे छापील पटांवर विकला जाऊ लागला.

आता सोंगाकडे वळू. सोंग म्हटले की महाराष्ट्रात पहिले नाव येते ते पैठणच्या एकनाथ महाराजांचे. त्यांचा काळ १५३३ ते १५९९. नाथांनी भागवतावर लिहिले, रामायण लिहिले. म्हणजे देवांच्या आणि राजांच्या कथा त्यांना परक्या होत्या असे मुळीच नाही. पण भारूड रचताना त्यांनी सोंग कोणाचे घेतले, ते पाहा. वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, कोल्हाटीण, आंधळा, बहिरा, पांगळा, नवऱ्याला कंटाळलेली बाई, विंचू चावून ओरडणारा माणूस. पहाटे दारात येणारी, गावकुसाबाहेर राहणारी, बाजारात दिसणारी ही माणसे. पैठणचा एक विद्वान ब्राह्मण त्या काळी महाराच्या तोंडून बोलतो, 'मी' म्हणून बोलतो, आणि परमार्थाची गोष्ट त्याच्याच तोंडी घालतो.

भारुडाचे काम कसे चालते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. भारूड करणारा घोंगडी पांघरतो किंवा लुगडे गुंडाळतो, आणि प्रथम खरोखरच त्या माणसासारखे बोलू लागतो. माणसे हसतात, कारण त्यांना आपल्या शेजारचा माणूस दिसतो. मग हळूहळू विंचवाचा काम-क्रोध होतो, सासरचा संसार होतो, आणि हसणारा माणूस कधी गंभीर झाला ते त्याचे त्यालाच कळत नाही. देवाचे सोंग आणले असते तर लोकांनी हात जोडले असते. शेजाऱ्याचे सोंग आणले म्हणून ते स्वतःकडे वळून पाहतात.

पुढे अर्वाचीन मराठी नाटक जन्माला आले ते मात्र देवादिकांना घेऊन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. राम, सीता, रावण, राक्षसांच्या आरोळ्या, असा तो थाट. लोकांना तो आवडला आणि त्यात वावगे काही नव्हते. पण त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. त्यात राजा नाही, देव नाही. एक गरोदर कुणबीण आहे आणि तिचा नवरा आहे. एक जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या दोघांना खर्चात पाडतो. विदूषक मधून मधून टीका करतो, एक पाद्रीही येतो. आणि शेवट कसा? कोणी वीर येऊन त्या दोघांना सोडवीत नाही. ती दोघे फुल्यांनी काढलेल्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. म्हणजे नाटकाच्या आरंभी ज्यांना अक्षर ओळखत नाही, ती माणसे शेवटी पाटीकडे हात नेतात. एवढाच त्यांचा पराक्रम. पण तो त्यांनी स्वतः केलेला आहे. हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यापासून सव्वाशे वर्षांनी. साध्या माणसाला गोष्टीच्या मध्यभागी बसवायला इतका वेळ लागतो.

इथवर सोंगटी वेगळी आणि सोंग वेगळे असे आपण पाहिले. विसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी एका टेबलावर एकत्र आल्या, आणि त्या आल्या दूर अमेरिकेत. ती हकीकत थोडक्यात सांगतो, कारण आपला प्रश्न तिथेही जसाच्या तसा उभा राहिला.

युरोपात लढाईचे खेळ जुनेच. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ सुरू झाला. त्यात खेळणारा नेहमी सेनापती असे. शिपाई म्हणजे नुसते ठोकळे. आमच्या तालमीतल्या मावळ्यांसारखे. पुढे १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातला एक असाच खेळ मांडला. दोन बाजूंचे सेनापती तर त्याने नेमलेच. पण खेळायला माणसे अधिक होती, म्हणून त्याने उरलेल्यांना त्या कल्पित गावातली माणसे केले. कोणी नगराध्यक्ष, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. झाले असे, की लढाई राहिली बाजूला आणि हे गावकरीच एकमेकांशी बोलू लागले, कट करू लागले, सौदे करू लागले. वेस्लीला वाटले आपला खेळ फसला. पण खेळणारे म्हणाले, पुन्हा मांडा!

त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन यांनी हा धागा पुढे नेला, आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. या खेळात पट असलाच तर नावापुरता. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथेकरी होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक माणूस होतात आणि 'मी आता असे असे करतो' म्हणून सांगतात. जिथे यश येईल की नाही याची शंका, तिथे फासा टाकतात. पुढे काय होणार ते कोणालाच ठाऊक नसते, कथेकऱ्यालाही नसते.

त्या पहिल्या पुस्तकात एक मौजेची गोष्ट आहे. लढवय्याच्या प्रत्येक पायरीला एकेक पदवी दिलेली होती. त्यांत वीर ही पदवी चौथ्या पायरीवर होती आणि महावीर आठव्या. पहिल्या पायरीवरचा माणूस म्हणजे नुसता चार दिवस शिपाईगिरी केलेला गडी. त्याचा जीव साधारण एका फाशाच्या दानाएवढा. पुढे इंग्लंडमध्ये १९८६ साली निघालेल्या 'वॉरहॅमर' नावाच्या अशाच एका खेळात तर तुमचा धंदा फासाच ठरवतो, आणि नशिबी उंदीर पकडणाऱ्याचे काम येऊ शकते. २०१२ सालच्या आणखी एका खेळात प्रत्येकाला एकदम तीन-चार खेडूत देतात. कोणाच्या हाती कोयता, कोणाच्या हाती काठी. पहिल्याच संकटात बहुतेक मरतात, आणि जो जगतो त्यालाच पुढे नाव मिळते.

अर्थात् तिकडेही या बाबतीत दोन पक्ष आहेत. काहींना सुरुवातीपासूनच बलाढ्य वीर हवा असतो. त्यांचे म्हणणे, दिवसभर आम्ही साधीच माणसे असतो, खेळातही तेच कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या गावच्या मुलालाही तो लागू पडतो. ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात राबतो, ज्याच्या अंगावर भावाचा जुना सदरा आहे, त्याला एका संध्याकाळपुरता जिरेटोप घालावासा वाटला तर आपण त्याला 'नाही बाबा, तू गरीब शेतकरीच हो' म्हणायचे काय? तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल. मीही ते म्हणणार नाही.

पण जिरेटोपाला वजन कशाने येते, ते शिवचरित्रातूनच पाहू. १६६० सालचा जुलै महिना. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला. महाराज पावसाळी रात्री गडावरून निघाले. परंपरा सांगते, की त्या रात्री दुसऱ्या एका पालखीत महाराजांच्या वेशात एक माणूस बसला होता. त्याचे नाव शिवा काशीद. नेबापूरचा, जातीने न्हावी. शत्रूने ती पालखी पकडली, आणि खोटे उघडकीला आल्यावर त्याचा प्राण घेतला. तोवर महाराज विशाळगडाच्या वाटेने पुढे निघून गेले होते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्याची समाधी आहे. श्रोतेहो, यापेक्षा मोठे सोंग महाराष्ट्राच्या इतिहासात कोणी घेतले असेल असे मला वाटत नाही. पण हा प्रसंग आपल्या काळजाला भिडतो कशामुळे? पालखीतला माणूस कोण आहे, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून. त्याला घर आहे, गाव आहे, हाताला एक साधा धंदा आहे. हे सारे तो मागे ठेवून आला आहे. हे सांगितलेच नाही, तर पालखीत नुसते भरजरी कपडे उरतात.

तेव्हा मुलाच्या डोक्यावरचा टोप काढून घ्या असे माझे म्हणणे नाही. टोप चढण्याआधी ते डोके कोणाचे होते, हे त्याला एकदा सांगू द्या, एवढेच मागणे आहे.

गुरुजनांना हे वर्गात कसे करता येईल? मी एकदा केलेला प्रयोग सांगतो. त्याला खर्च काही नाही. कागदाच्या चिठ्ठ्या आणि चार कवड्या पुरतात. विषय घेतला आमच्याच मुलखाचा. साल १८६३. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध चालू, त्यामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. आणि इकडे आपल्या कापसाचे भाव कधी नव्हते इतके चढले. खामगावला अजून आगगाडी आलेली नाही. ती १८७० साली जलंबच्या फाट्याने येणार आहे, पण १८६३ सालच्या माणसाला ते कसे ठाऊक असणार? माल बंडीतूनच न्यायचा.

चिठ्ठ्यांवर मी माणसे लिहिली होती. एक बैलजोडी असलेला कुणबी. त्याची बायको. कापूस वेचणारी मजूर बाई. बंडीवाला. सावकार. खामगावचा अडत्या. ज्याची त्याने चिठ्ठी उचलायची आणि चार गोष्टी ठरवायच्या. आपले नाव काय, घरी कोण कोण आहे, आपल्याला काय चांगले येते, आणि रात्री झोप कशामुळे येत नाही. बस्स, एवढेच. मग मी विचारले, "भाव चढला आहे. आता काय करता?" कुणबी झालेला मुलगा म्हणाला, कर्ज फेडीन. त्याची बायको झालेली मुलगी म्हणाली, आधी जोंधळा भरून ठेवा. सावकार म्हणाला, कर्ज कशाला फेडता, आणखी घ्या आणि आणखी कापूस पेरा! वर्ग हसला. पण कुणबी विचारात पडला. बंडी घाटात अडकते की सुखरूप जाते, ते कवड्यांनी ठरवले.

मग मी साल बदलले. १८६५. अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. ज्याने आणखी कर्ज काढून जोंधळ्याच्या जागी कापूस पेरला होता, तो मुलगा गप्प बसून राहिला. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत येते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. हा मुलगा ती विसरला नसावा असे वाटते, कारण त्या दोन ओळींत तो स्वतः बुडाला होता. मिशीवर ताव देणारा कोणी सरदार त्याला केले असते, तर कापसाचा भाव त्याच्या अंगाला लागलाच नसता.

पण त्या दिवशी खरा प्रश्न विचारला तो वेचणारी झालेल्या मुलीने. खेळ संपत आला तरी तिच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. भाव चढला तेव्हा कुणबी, अडत्या, सावकार सारे बोलले. तिला कोणी विचारले नाही. मीही नाही विचारले. अखेर तिनेच हात वर केला. "गुरुजी, भाव वाढला तं मजुरी वाढली काय?"

वर्गात शांतता झाली. कुणब्याने सावकाराकडे पाहिले, सावकाराने अडत्याकडे, आणि सर्वांनी माझ्याकडे. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मी तिला म्हटले, "बाई, तू खेळात आहेस. तूच माग." मग तिने कुणब्याच्या दारात उभे राहून मजुरी वाढवून मागितली. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "मंग येच तुह्या हातानं कापूस." आणि बाकीच्या चिठ्ठ्यांतली माणसे तिच्या बाजूने की कुणब्याच्या बाजूने, यावर पुढची पंधरा मिनिटे वर्गात जो वाद झाला, तसा इतिहासाच्या तासाला मी पूर्वी ऐकला नव्हता.

श्रोतेहो, त्या मुलीला मी राणी केले असते तर तिने छान मुकुट घातला असता आणि पाठ केलेली चार वाक्ये म्हटली असती. तो प्रश्न मात्र तिला सुचला नसता. तो सुचला वेचणारीच्या जागेवरून, कारण त्या जागेवरून दिसते ते दुसरीकडून दिसत नाही. उद्या ती मोठी होईल, ग्रामसभेला जाईल, तिथे बाजूला बसून ऐकण्याची पाळी तिच्यावर येईल. तेव्हा आपण मागे उभे राहण्यासाठीच जन्माला आलो आहोत असे तिला वाटावे, की हात वर करावासा वाटावा, हे काही अंशी तिच्या शाळेत ठरत असते. म्हणून हा पोरखेळ नाही असे मी म्हणतो.

येत्या जानेवारीत तालीम घ्याल तेव्हा गुरुजनांनो, एवढे करून पाहा. महाराज कोण होणार हे अखेरीस ठरवा. आधी प्रत्येक मावळ्याला जवळ बोलवा आणि विचारा: तुझे नाव काय? गाव कोणते? शेतात काय पेरून आलास? घरी कोण वाट पाहते? मग त्याला रांगेत उभा करा. तोच मुलगा, तीच काठी, तीच जागा. पण कोणी सहज विचारले, तू कोण रे, तर त्याच्याजवळ सांगायला काहीतरी असेल.